नाक घासून झाल्यावर

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक भांडण ठरलेलं असतं. कुणीतरी पुढारी काहीतरी बोलतो, समोरचा पक्ष त्याला नाक घासायला सांगतो, पुढारी म्हणतो माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला, तरीही कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो. मग ग्रुपवर दोन तट पडतात. एरवी मी ग्रुप म्यूट करून कामाला लागते. या वेळी मात्र आमच्या वर्गातल्या एका मित्राने, तो आता निवृत्त प्राध्यापक आहे, भलामोठा मजकूर टाकला. त्याचं म्हणणं असं की आपल्या लोकांना पश्चात्ताप कळतच नाही. ख्रिस्ती माणूस पापाची कबुली देतो, ज्यू माणूस वर्षातून एक दिवस उपाशी राहून स्वतःचा हिशेब मांडतो, आपण गंगेत डुबकी मारतो आणि अंग पुसून घरी येतो. म्हणून आपले पुढारी असे. कॅनडा बघा, तिथला पंतप्रधान शंभर वर्षांपूर्वीच्या चुकीची माफी मागतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि सगळ्यात शेवटी, "अगं, तू तर तिथेच असतेस, तूच सांग यांना."

मला हे साक्षीला बोलावणं आवडत नाही. ग्रुपला कॅनडा दोनच कामांसाठी लागतो. एक, जानेवारीत गाडीवरचा बर्फ उपसतानाचा फोटो. दोन, आपल्या माणसांना कमी लेखायला मोजपट्टी. आता ही मोजपट्टी मीही पुण्याला गेले की सढळ हाताने वापरते. रांगेत कुणी पुढे घुसलं की माझ्या तोंडून "आमच्याकडे" निघतं आणि बहीण डोळे फिरवते. पण ती मी वापरणं वेगळं आणि टोरांटोचं पिअर्सन विमानतळसुद्धा न पाहिलेल्या प्राध्यापकाने वापरणं वेगळं.

तर सांगते. मी ओंटारिओतल्या एका रुग्णालयात रुग्णांच्या तक्रारी पाहते. दिवसातला निम्मा वेळ माफीची पत्रं लिहिण्यात जातो. गेली कित्येक वर्षं पगार घेऊन पश्चात्ताप व्यक्त करणारी आमच्या वर्गात मी एकटीच असेन. त्यामुळे या विषयावर बोलायचा माझा अधिकार प्राध्यापकापेक्षा थोडा जास्त आहे असं मी धरून चालते.

ओंटारिओत २००९ पासून अपॉलॉजी अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे. ब्रिटिश कोलंबियाने तो आमच्या तीन वर्षं आधी केला. कायदा छोटासा आहे. तुम्ही कुणाला सॉरी म्हणालात, तर दिवाणी दाव्यात ते चूक कबूल केल्याचा पुरावा धरता येत नाही, आणि त्या एका सॉरीमुळे तुमचा विमाही रद्द होत नाही. हेतू चांगला आहे. शस्त्रक्रियेत काही बिघडलं की डॉक्टर वकिलाच्या भीतीने तोंड शिवून बसायचे, नातेवाईकांना कुणी धड सांगायचं नाही. आता डॉक्टर येऊन बसतो, बोलतो, सॉरी म्हणतो. मी हे जवळून पाहिलं आहे आणि ते न बोलण्यापेक्षा हजारपटीने बरं आहे. पण मुळात काय झालं ते लक्षात घ्या. माफीचं दात-नख काढून घेतलं, तेव्हा ती मोकळेपणाने फिरायला लागली. ज्या माफीने देणाऱ्याचं काहीच जात नाही तिला इथे कायद्याचं संरक्षण आहे.

आमच्या पत्राचा साचा ठरलेला असतो. पहिलं वाक्य, तुम्हाला आलेल्या अनुभवाबद्दल आम्हाला मनापासून खेद वाटतो. अनुभव तुमचा, खेद आमचा. आम्ही काय केलं हे त्या वाक्यात नसतंच. एकदा एका बाईंनी ते पत्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटरने?" बाई गेल्यावर मी ते पुन्हा वाचलं. "भावना दुखावल्या असतील तर" या आपल्या वाक्याहून ते किती निराळं आहे, हे मला प्राध्यापकाने समजावून सांगावं. फरक इतकाच की आमच्या कागदावर लोगो असतो.

आता पंतप्रधानांच्या डोळ्यांतलं पाणी. ते आलं होतं, खोटं नाही. तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये लॅब्राडोरमधल्या गूस बे इथे निवासी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची माफी मागितली आणि मागताना डोळे पुसले. त्याच भागातल्या इनू या मूलनिवासी समाजाच्या संघटनेने, इनू नेशनने, ती माफी घ्यायला नकार दिला. आमच्यावरचा अन्याय तेवढ्या शाळांपुरता नव्हता, सगळं समजून घ्या आणि मग या, असं त्यांचं म्हणणं. डोळे पुसतानाची चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवरून पुण्यापर्यंत गेली, नकार मात्र वाटेत कुठेतरी गळला.

या निवासी शाळा म्हणजे काय, ते आपल्याकडे फारसं ठाऊक नसतं. एकोणिसाव्या शतकापासून ते १९९० च्या दशकापर्यंत सरकारने पैसे द्यायचे, चर्चने शाळा चालवायच्या, आणि मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून तिथे ठेवायचं. सुमारे दीड लाख मुलं. स्वतःची भाषा बोललं की मार. हजारो मुलं परत आलीच नाहीत. ११ जून २००८ ला तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली तेव्हा मूलनिवासी नेत्यांना सभागृहाच्या मध्यभागी बसवलं होतं. ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. त्याआधीच समझोत्यातून भरपाई ठरली होती, शाळेतल्या पहिल्या वर्षाचे दहा हजार डॉलर, पुढच्या प्रत्येक वर्षाचे तीन हजार. दरपत्रक वाचताना अंगावर काटा येतो, पण निदान दरपत्रक आहे. जपानी वंशाच्या कॅनेडियन लोकांना दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलं, त्यांची घरं-बोटी विकून टाकल्या. १९८८ मध्ये माफीबरोबर हयात असलेल्या प्रत्येकाला एकवीस हजार डॉलर मिळाले. चिनी लोकांवर इथे येताना डोईपट्टी बसवली होती, तिची माफी २००६ मध्ये मागितली, ज्यांनी ती भरली त्यातल्या हयात माणसांना किंवा त्यांच्या विधवा-विधुरांना वीस हजार. माफी मागायला इतकी वर्षं घेतली की धनादेश घ्यायला फार थोडी माणसं उरली होती.

आणि ३० सप्टेंबर. २०२१ पासून ती केंद्र सरकारची सुट्टी आहे, या शाळांच्या स्मरणाची. सगळे नारिंगी शर्ट घालतात, आमच्या रुग्णालयातही. त्या पहिल्याच वर्षी, पहिल्याच स्मरणदिनी, ट्रूडो कुटुंबासह टोफिनोच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले. कॅमलूप्सच्या मूलनिवासी समाजाने त्यांना बोलावलं होतं, त्यांच्याच भागातल्या जुन्या शाळेच्या आवारात त्या वर्षी बेवारस कबरींच्या खुणा सापडल्या होत्या. पंतप्रधान त्या दिवशी तिकडे फिरकले नाहीत. मग टीका झाली आणि त्यांनी माफी मागितली. पश्चात्तापाच्या दिवशी सहलीला गेल्याबद्दलचा पश्चात्ताप. हे आपल्याकडच्या पुढाऱ्याने केलं असतं तर प्राध्यापकाने तीन परिच्छेद लिहिले असते.

मला इथे कराडची आठवण होते. एप्रिल २०१३. धरणात पाणी नाही तर काय करायचं, यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार जाहीर सभेत जे बोलले ते सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं होतं. दुष्काळ, पाण्यासाठी उपोषणाला बसलेला सोलापूरचा शेतकरी, आणि त्यावर ती टिंगल. मग टीकेची झोड उठली, आणि ते कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर अन्नाविना बसले. आत्मक्लेश म्हणाले त्याला. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो, टिम हॉर्टन्समध्ये बसून हसलो होतो. नाटक म्हणालो. राजीनामा दिला नाही म्हणालो, ते खरंच होतं. पण आज टोफिनोशेजारी ठेवून बघते तेव्हा वाटतं की कडक उन्हात एक अख्खा दिवस उपाशी बसणं आणि तेही आपल्या राजकारणाच्या आजोबांसमोर बसणं, यात शरीराला काहीतरी झळ तरी होती. आपल्याकडे पश्चात्ताप अंगाने करायचा असतो. उपास, दंडवत, अनवाणी चालणं, केस देणं. त्यातला ढोंगाचा भाग किती हे मी मोजत नाही. पण प्राध्यापकाने सरसकट "आपल्याला कळतच नाही" म्हणू नये.

पालघरचं मात्र मी समर्थन करणार नाही. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिनी त्याचं अनावरण झालं होतं, म्हणजे नऊ महिनेही झाले नव्हते. आधी उपमुख्यमंत्र्यांनी माफी मागितली, मग मुख्यमंत्री म्हणाले शंभर वेळा पाया पडून मागेन, मग ३० तारखेला पंतप्रधानांनी पालघरमध्ये मस्तक झुकवून महाराजांची माफी मागितली. कार्यक्रम वाढवण बंदराच्या पायाभरणीचा. आणि माफीच्या पाठोपाठ त्याच भाषणात सांगून झालं की आम्ही सावरकरांचा अपमान करून माफी न मागणाऱ्यांसारखे नाही. लगेच १ सप्टेंबरला मुंबईत विरोधकांचं जोडे मारो आंदोलन. आठवडाभरात कोसळणं, माफी, टोमणा, जोडे असं सगळं आटोपलं, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी आधीपेक्षा उंच पुतळा उभा राहिला. उंची वाढवली की परिमार्जन झालं.

दुसऱ्याच समारंभाच्या मंचावरून मागितलेली माफी इथेही चालली नव्हती. कोमागाटा मारू हे जहाज मे १९१४ मध्ये व्हँकुव्हरच्या बंदरात आलं. ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी, त्यातही शीख जास्त. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असूनही वीस-पंचवीस जण सोडता कुणाला उतरू दिलं नाही. दोन महिने पाण्यात ठेवून परत पाठवलं, आणि कलकत्त्याजवळ बजबजला उतरल्यावर त्यांच्यावर गोळीबार झाला. हार्पर यांनी ऑगस्ट २००८ मध्ये सरेच्या एका मेळ्यात बागेतल्या मंचावरून त्याची माफी मागितली. ते मंचावरून उतरतात न उतरतात तोच लोकांनी तिथेच सांगितलं, ही आम्हाला मान्य नाही, संसदेत मागा. आठ वर्षं त्यांनी धरून ठेवलं. १८ मे २०१६ ला ट्रूडोंनी संसदेत मागितली. माफी कुठे उभं राहून मागायची हे मागणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने ठरवलं. महाराजांच्या बाबतीत तसं ठरवायला जागेवर कुणी नसतं, म्हणून आपल्या पुढाऱ्यांना महापुरुषांची माफी मागणं सोपं जातं. मालवणच्या माणसाला, ज्याच्या करातून तो पुतळा उभा राहिला, त्याला माफी स्वीकारता का, असं कुणी विचारलं नाही.

ग्रुपवर दुसऱ्या तटाचंही एक पालुपद असतं. पूर्वजांनी केलं, आम्ही का माफी मागायची? हे पालुपद ट्रूडोंच्या वडिलांचंही होतं. पिअर ट्रूडो १९८४ मध्ये पंतप्रधानपदाच्या अगदी शेवटच्या दिवसांत संसदेत म्हणाले होते की या सभागृहातले लोक ज्यात नव्हते त्या इतिहासाची माफी मी कशी मागू. बापाने मागितली नाही, मुलाने मागत सुटायचं ठरवलं. माझं मत विचाराल तर बापाचा युक्तिवाद मला तर्काने पटतो आणि मुलाचा मनाने. पण ग्रुपवरचे हेच लोक जालियनवाला बागेचा विषय निघाला की एका सुरात ब्रिटनने माफी मागावी म्हणतात. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी एप्रिल २०१९ मध्ये संसदेत नुसता खेद व्यक्त केला तेव्हा आमचे दोन्ही तट एकत्र आले होते. त्याच वर्षी कँटरबरीचे आर्चबिशप अमृतसरला स्मारकासमोर चक्क साष्टांग पडले, त्याचा फोटो सगळ्यांनी टाकला. तेव्हा कुणी म्हणालं नाही की जनरल डायर या आर्चबिशपांचा कोण लागत होता.

आता धर्माकडे येते, कारण प्राध्यापकाचा खरा बाण तिथेच आहे. गंगेतली डुबकी. त्याला माहीत असायला हवं, पण सांगते. प्रायश्चित्तावर आपल्याकडे इतकं लिहून ठेवलं आहे की पां. वा. काणे यांना धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड पातकं आणि प्रायश्चित्तांपासून सुरू करावा लागला. कृच्छ्र, चांद्रायण अशी उपासाची व्रतं; चांद्रायणात चंद्राच्या कलेबरोबर घास कमी करत न्यायचे आणि पुन्हा वाढवायचे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे की पाप उघड बोलून दाखवावं, मन पोळावं, आणि पुन्हा असं करणार नाही या निश्चयाने माणूस शुद्ध होतो. कबुली, ताप, निश्चय. मूलनिवासींशी समेटाच्या इथल्या कार्यशाळांत मला हेच तीन मुद्दे स्लाइडवर दाखवतात.

हे टाइप करून मी पाठवणार होते. तेवढ्यात पुढचा श्लोक आठवला, खरं म्हणजे आधीचा, त्याच अध्यायातला. ब्राह्मणाला मारल्याचं जे प्रायश्चित्त, त्याचा चौथा हिस्सा क्षत्रियाला मारलं तर, आठवा वैश्याला, सोळावा शूद्राला. हेही दरपत्रकच. दहा हजार डॉलर पहिल्या वर्षाचे म्हणताना माझ्या अंगावर काटा आला होता, आणि इथे तर भरपाई मेलेल्याच्या घरी जातच नाही.

मग मला पंचहौद आठवलं. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी गेली, चहा-बिस्किटं पुढे आली, काहींनी घेतली, काहींनी कपाला हात लावून ठेवला. गोपाळराव जोशांनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा तंटा, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढे केला. न्यायमूर्ती रानड्यांनी शेवटी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, स्वतःला ते पाप वाटत होतं म्हणून नव्हे, तर बहिष्कारात होरपळणाऱ्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून. सुधारकांनी त्यांना सोलून काढलं. मला रानड्यांचं ते वागणं कधी दुबळं वाटतं, कधी फार थोर. आमच्या रुग्णालयाच्या पत्रावर सही करताना मला कधीकधी ते आठवतात, याचा अर्थ माझ्या नोकरीबद्दल चांगला की वाईट, कुणास ठाऊक.

चहाला प्रायश्चित्त होतं, समुद्र ओलांडायलाही होतं. माझ्या पणजोबांच्या काळात मी परत गेले असते तर पंचगव्य घेतल्याशिवाय पंगतीला बसता आलं नसतं. आणि तेच पंचगव्य १९२७ मध्ये महाडला वापरलं गेलं. २० मार्चला बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, त्यांच्यावर हल्ला झाला, डोकी फुटली; आणि नंतर शुद्धी कसली केली, तर तळ्याची. दूध, दही, शेण, गोमूत्र मिसळलेले १०८ घडे त्यात ओतले. ज्यांनी माणसांना झोडपलं ते शुद्धच होते, बाटलं होतं पाणी. प्रायश्चित्ताची एवढी मोठी यंत्रणा आपल्याकडे तयार होती, आणि ज्या दिवशी तिची खरी गरज पडली त्या दिवशी ती उलट्या दिशेने चालवली गेली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली, त्यात तो कबुली-ताप-निश्चयाचा श्लोकही जळाला असणार. जळू दे. ज्यांनी वाचायचा त्यांनी वाचला नव्हता.

प्राध्यापकाचा मुद्दा इथे अर्धा खरा ठरतो आणि त्याचा मला राग येतो. कारण त्याने तो कॅनडाच्या खांद्यावर बंदूक ठेवून मांडला. महाड त्याला सुचलं नाही. आणि सुचायला हवी होती अशी आणखी एक गोष्ट त्याच्या घरात रोज म्हटली जाते, त्याची आई वारकरी होती. वाघोलीचे रामेश्वरभट्ट. तुकोबांना शूद्र असून वेदार्थ सांगतो म्हणून वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे, असं परंपरा सांगते. पुढे अंगाचा दाह शमेना, तुकोबांच्याच कृपेने तो शमला, आणि ते त्यांचे शिष्य झाले. कीर्तन-भजनाच्या शेवटी जी तुकारामांची आरती म्हणतात ती या रामेश्वरभट्टांची. शेवटच्या कडव्यात नावासकट सांगितलं आहे की रामेश्वराने चरणी मस्तक ठेवलं. म्हणजे छळणाऱ्याची शरणागती, त्याच्या स्वतःच्या शब्दांत, गावोगाव, शतकानुशतकं, ज्यांना छळलं त्यांच्या लेकरांच्या तोंडून. संसदेतल्या भाषणाला इतकं आयुष्य मिळत नाही. हार्पर यांच्या भाषणाच्या चार ओळी तरी आज किती जणांना आठवतात? पण रामेश्वरभट्ट एकटे होते. वाघोलीच्या किंवा देहूच्या बाकीच्यांनी मस्तक ठेवल्याचं कुठल्या आरतीत नाही.

हा मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही, कारण आमच्या मराठी मंडळात सध्या वेगळाच तंटा चालू आहे. आमचा गणपती एका शाळेच्या भाड्याच्या जिममध्ये बसतो. कार्यक्रमाच्या सुरुवातीला जमिनीबद्दलचं निवेदन वाचतात, ही भूमी मिसिसागाज ऑफ द क्रेडिट या मूलनिवासी समाजाच्या कराराची आहे वगैरे. कॉलेजात जाणारी एखादी मुलगी भराभर वाचते, लोक बुटांच्या जागा शोधत असतात. मग पूजा, आणि पूजेच्या शेवटी गुरुजी तितक्याच वेगाने म्हणतात की मला आवाहन ठाऊक नाही, विसर्जन ठाऊक नाही, हे परमेश्वरा, क्षमा कर. दोन्ही वेळा बघितलं तर हॉलमधले चेहरे तेच असतात. मान थोडी खाली, मन प्रसादाच्या रांगेकडे.

यंदा कार्यकारिणीत एका काकांनी विचारलं की हे निवेदन आपण का वाचायचं? आपण कुठे कुणाची जमीन घेतली? ज्यांनी घेतली ते इंग्रज आणि फ्रेंच, त्यांनी वाचावं. आपल्यालाही त्यांनी लुटलंच की. टाळ्या पडल्या. मला ते पटत होतं, आणि पटतं आहे हे जाणवून मी अस्वस्थ झाले. कारण १८ मे २०१६ ला मी जेवणाच्या सुट्टीत सीबीसीवर ट्रूडोंचं भाषण ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. माझ्या घराण्याचा त्या जहाजाशी काडीचा संबंध नाही, पंजाबीत मला धड चार वाक्यं येत नाहीत. तरी ती माफी मी आपली म्हणून घेतली. घ्यायची वेळ येते तेव्हा माझे पूर्वज १९१४ मध्ये व्हँकुव्हरच्या पाण्यात असतात. द्यायची वेळ येते तेव्हा मी परवा विमानातून उतरलेली असते.

आणि महाडचा परिच्छेद वर लिहिताना मी काय केलं तेही सांगते. तळ्यात घडे ओतले, असं लिहिलं. कुणी, ते लिहिलं नाही. माझं आडनाव सांगितलं तर ते घडे ओतणाऱ्यांच्या पंगतीत सहज बसेल. माहेर कोकणातलं आहे. ग्रुपवर याबद्दल बोलायची वेळ आली की मी म्हणते, अरे, मी आता तिकडची नाही, तुमचं तुम्ही बघा. इथे म्हणते, मी मूळची इथली नाही. रहदारीबद्दल बोलायचं असतं तेव्हा मी पक्की कॅनेडियन असते आणि गणपतीत पक्की मराठी. मधल्या काही विषयांत मी कुठलीच नसते, आणि ते विषय नेमके कोणते हे आता मला यादी करून सांगता येईल.

हे सगळं मी मंडळाच्या बैठकीत बोलले नाही. बोलली ती आमची सर्वांत म्हातारी सभासद, ज्या काकूंना आम्ही फक्त पुरणपोळीच्या प्रमाणासाठी विचारतो. त्या म्हणाल्या, "वाचू नका मग. पण घरं विकून जमीन परत देणार आहात का? नाही ना. मग निदान वाचा, आणि हॉलच्या भाड्याइतके पैसे दरवर्षी त्यांच्या मुलांच्या शाळेला द्या. देवाला दक्षिणा देतोच की." काका म्हणाले ही दक्षिणा नाही, हा दंड आहे. काकू म्हणाल्या, "बरं, दंड."

ठराव झाला. एकमताने नाही, पण झाला. मूलनिवासी तरुणांच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या एका संस्थेला रक्कम द्यायची असं ठरलं. कोषाध्यक्षांनी विचारलं, "आयकराची पावती मिळते ना?" मिळते. बैठकीला येण्याआधी मीच चौकशी करून ठेवली होती.